लखोट्यातली चाल

गुरुवारी सकाळी साडेसातला मन्सूर अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा कोमिलला वाटलं कोणीतरी गेलं. धाकटा भाऊ नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेल्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो या घरात फक्त लग्नाला आणि मयताला येत होता, आणि सध्या घरात लग्न नव्हतं.

"कोण गेलं?" हातातली चहाची किटली खाली ठेवत कोमिलनं विचारलं.

"कोणी नाही गेलं. डाव कुठाय?"

मन्सूरनं ट्रक डेपोत उभा केला होता आणि साहेबाला 'घरी अडचण आहे' असं सांगून तो निघाला होता. अडचण तशी खरीच होती. काल संध्याकाळी क्लबात कोमिलच्या मुलीचा, ओयदिनचा, शेवटच्या फेरीचा डाव चाळिसाव्या चालीवर थांबला होता. वेळ संपली की जिची पाळी असेल तिनं पुढची चाल कोणाला न दाखवता कागदावर लिहायची, लखोट्यात घालायची आणि पंचांच्या हवाली करायची. दुसऱ्या दिवशी पंच लखोटा फोडतात, ती चाल पटावर करतात आणि डाव तिथून पुढे चालू होतो. ओयदिननं तिची बंद चाल लिहून दिली होती. लखोटा आज पाचला फुटणार होता. ती जिंकली तर समरकंदची विजेती ती, पुढच्या महिन्यात ताश्कंदला मोठ्या स्पर्धेला जाणारही तीच. बरोबरी झाली तर मात्र अर्ध्या गुणानं पुढे असलेली बेर्ता मिरोनोव्ना, दोन्ही भावांची बेर्ता-ओपा म्हणजे बेर्ताताई, विजेती.

सगळं दुखणं इथंच होतं. समोर दुसरं कोणीही असतं तर या घरानं रात्रीच मिठाई वाटली असती. पण घोडा अडीच घरं चालतो हे या घरात ज्याला ज्याला ठाऊक होतं, त्याला ते बेर्तानं शिकवलं होतं. एक्केचाळीसच्या हिवाळ्यात युद्धानं खार्कोवहून पूर्वेकडे लोटलेल्या माणसांच्या लोंढ्यात ती आली. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात बुद्धिबळाची पेटी. अकरा वर्षं ती याच घरात मधल्या खोलीत राहिली. स्वतःची खोली मिळाली तेव्हा जाताना पेटी इथंच ठेवून गेली. त्या पेटीतलं एक पांढरं प्यादं आगगाडीत हरवलं होतं. त्याच्या जागी जर्दाळूची बी होती, ती अजून आहे.

आता त्याच पेटीतल्या सोंगट्या कोमिलनं द्राक्षाच्या मांडवाखालच्या लाकडी बैठकीवर, तख्तावर, मांडल्या. दोन्हीकडे राजा, वजीर, हत्ती आणि प्यादी. ओयदिनकडे एक प्यादं जास्त. जर्दाळूची बी उजव्या कडेला उभी होती.

मन्सूरनं बसता बसताच हत्ती उचलला. "हत्ती द्या. इथं. द्या आणि मोकळे व्हा."

"आणि मग?"

"मग काय? मग तिला घाम फुटेल."

"बेर्ता-ओपाला? बाई खार्कोवपासून इथपर्यंत गुरांच्या डब्यातून आली, तेव्हा घाम फुटला नाही. तुझ्या हत्तीनं फुटणार?"

"तालनं बोत्विन्निकला असंच लोळवलं होतं."

"आणि वर्षभरात बोत्विन्निकनं मुकुट परत घेतला. ते तू कधी सांगत नाहीस."

"तुमचा पेत्रोस्यान तरी काय करायचा हो? बिळात बसून राहायचा. समोरचा कंटाळून मरायचा."

"मरायचा ना? मग झालं तर."

हे भांडण दहा-बारा वर्षांचं जुनं होतं आणि ते पुन्हा सुरू झालं याचा कोमिलला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला मिशी पुसावी लागली. युद्धाच्या काळात तो चौदा वर्षांचा होता, मन्सूर सात. सरपण नसलेल्या थंडीत बेर्ता दोघांना एका रजईत घालायची आणि जगज्जेत्यांच्या गोष्टी सांगायची. कापाब्लांका चार वर्षांचा असताना बापाचा डाव बघता बघता कसा शिकला. अल्योखिननं त्याच कापाब्लांकाला चौतीस डाव झुंजवून कसं हरवलं. आणि लास्कर सत्तावीस वर्षं जगज्जेता कसा राहिला, तर तो पट कमी बघायचा आणि समोरचा माणूस जास्त. पोरं गोष्ट ऐकता ऐकता भूक विसरायची. मोठेपणी दोघांनी जगज्जेत्यांतलाच आपापला देव निवडला, मन्सूरनं ताल, कोमिलनं पेत्रोस्यान, इतकंच.

ओयदिन शाळेत जायच्या कपड्यांत बाहेर आली. ती आठवीला गणित शिकवायची आणि आज तिनं सुट्टी घेतलेली नव्हती. काकाला बघून ती थबकली.

"ये, ये, आमची नोना!" मन्सूर ओरडला. "झुगदीदीच्या पोरीनं जग जिंकलं, तू निदान समरकंद तरी जिंक. बोल, काय लिहिलंस लखोट्यात?"

"काका, ते सांगायचं नसतं."

"मी काय बेर्ता-ओपाला जाऊन सांगणार आहे?"

"तिनंच शिकवलंय. बंद चाल फक्त पंचांची. आईला नाही, नवऱ्याला नाही, उशीलासुद्धा नाही."

दोन्ही भावांच्या कानातही तेच वाक्य लहानपणापासून बसलं होतं. कोमिलनं मान डोलावली. "मग आपल्याला प्रत्येक चाल बघावी लागणार. हत्ती देण्याची, राजा सरकवण्याची, कडेचं प्यादं पुढे घेण्याची, वजिरावजिरीची..."

"वजिरावजिरी सोडा!" मन्सूरनं हात झटकला. "वजीर बदलले की उरले हत्ती, आणि हत्तींचा डाव बरोबरीत सुटतो हे शेंबडं पोरही सांगेल. ती चाल गाढवच करेल."

ओयदिननं पुस्तकं छातीशी धरली, "मला उशीर होतोय," म्हणाली आणि फाटकातून निघून गेली.

*

शारोफत स्वयंपाकघरात पुलावासाठी पिवळी गाजरं चिरत होती. दोघा भावांची ही थोरली बहीण. त्रेपन्न वर्षांची, आणि बुद्धिबळातलं तिला एवढंच कळायचं की सोंगट्या झाडून झाल्या की पेटीत नीट भरायच्या. ओयदिनची आई धाकट्या लेकीच्या बाळाच्या पाळण्याला कट्टाकुर्गानला गेली होती, त्यामुळे आठवडाभर घर शारोफतच्याच हातात होतं.

तिच्या डोक्यावर भिंतीला एक रोटी टांगलेली होती, दगडासारखी वाळलेली, एका बाजूनं चावलेली. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यानं रोटीचा एक घास चावायचा आणि उरलेली त्यानं परत येऊन खायची, तोवर ती घरानं जपायची. ही रोटी तिच्या नवऱ्यानं बेचाळीस साली आघाडीवर जाताना चावली होती. ती काढायला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही काढली नाही. त्या वर्षी मधल्या खोलीत दोन बायका शेजारी शेजारी झोपायच्या. एकीचा नवरा अजून पत्र पाठवत होता, दुसरीचा पाठवत नव्हता. पुढे दोघींचा हिशोब सारखा झाला. शारोफत रडायची तेव्हा बेर्ता फक्त उठून तिच्या पायावर आपला कोट टाकायची. तो कोट शारोफतला अजून पायावर जाणवतो.

म्हणून मंगळवारी ती ओयदिनला बोलून गेली होती. मुद्दाम नव्हे. भांडी घासता घासता. "सात वेळा दुसरी आली गं ती. अठ्ठावीस वर्षांत सात वेळा. आता सहासष्ट झाली. तू चोवीसची आहेस, तुला पुढची पन्नास वर्षं पडलीत. एकदा तिला ताश्कंद बघू दिलं तर आपलं काय जाणार?"

ओयदिन नुसती ताटली पुसत राहिली होती. आणि काल रात्री घरी आल्यावर आत्याकडे बघून ती जे हसू हसली, ते बघून शारोफतला झोप लागली नाही.

तिचे वडील, बोबो, दारात आले. एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा, एर्गाश त्यांचं नाव, पण मुलं आणि नातवंडं सगळीच त्यांना बोबो म्हणायची. आयुष्यभर भट्टीवर रोट्या लावल्या, आता घरच्या तंदुरावर फक्त गुरुवारी लावायचे. कमरेला तोच जुना चामडी पट्टा. त्याला इतकी भोकं होती की नातवंडं त्या पट्ट्याला बासरी म्हणायची.

"कोण हरतंय?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही. दोघी आपल्याच आहेत."

"मग रडतेस कशाला?"

"कांदा आहे, बोबो."

बोबोंनी परातीकडे पाहिलं. परातीत नुसती गाजरं होती. त्यांनी तीळ उचलले आणि ते तंदुराकडे गेले.

*

साडेबाराला ओयदिन शाळेतून परतली तेव्हा अंगणात आरडाओरडा चालला होता. फाटकातून पाहते तर तिचा अबोल बाप, रेल्वेच्या तिकीट कचेरीत उभं आयुष्य घालवलेला सरळमार्गी माणूस, मन्सूरकाकाच्या खांद्यावर थापा मारत होता.

"सापडलं! पोरी, सापडलं!" काका ओरडला. "हत्ती द्यायचा नाही. मी कबूल करतो, नाही द्यायचा. तालची माफी मागतो. पण तुझ्या बापाचं राजा सरकवत बसणंही नाही. बघ!"

कोमिलनं दोन बोटांत जर्दाळूची बी उचलली आणि एक घर पुढे ठेवली. बस्स, एवढंच. वजीर जागच्या जागी, हत्ती जागच्या जागी, आणि कडेनं एक बी निघाली. तिला अडवायला जावं तर राजा उघडा पडतो, राजा झाकावा तर बी वजीर होते.

"साडेचार तास लागले आम्हा दोघांना," कोमिल म्हणाला. "शांत चाल आहे. पण आतून आग आहे. माझी अर्धी, याची अर्धी."

"आता तरी सांग," मन्सूर तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "हीच लिहिलीस ना?"

ओयदिननं ती चाल काल पाच मिनिटांत पाहिली होती. तिला अशा चाली दिसायच्या. ही देणगी कुठून आली हेही तिला माहीत होतं. लहानपणी दर गुरुवारी जेवणानंतर बेर्ता तिला मांडीवर घेऊन विचारायची, "या पटावर सगळ्यात कमी बोलणारं कोण आहे? त्याला विचार, त्याला काय हवंय." आणि काल, सगळ्यात कमी बोलणारं ते कडेचं प्यादं तिला स्पष्ट सांगत होतं की मला पुढे जायचंय. तेवढ्यात पलीकडे तिला बेर्ताचा हात दिसला. सांधे सुजलेले, टेबलाच्या कडेवर शांत ठेवलेला. याच हातानं तिला पहिलं प्यादं धरायला शिकवलं होतं. तिनं कागद ओढला आणि लिहिलं, वजिरानं वजीर मारला.

तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. कोणाला तरी काहीतरी परत दिल्यासारखं. आता बाप आणि काका तीन वर्षांनी एका तख्तावर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि जी चाल 'गाढवच करेल' ती तिची होती.

"पाचला कळेल," ती म्हणाली.

त्याच वेळी फाटकाची कडी वाजली. ही कडी कोणाची हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. एकदा जोरात, मग एकदा हळू.

"बेर्ता!" स्वयंपाकघरातून शारोफत ओरडली. "अरे, गुरुवार आहे!"

बत्तीस वर्षांत बेर्तानं या घरचा गुरुवारचा पुलाव आजारपणात दोनदा सोडला तर चुकवला नव्हता. पण आज, डाव अर्ध्यावर असताना, ती येईल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तख्तावर, तिच्याच पटावर, तिलाच हरवायचा बेत मांडून ठेवला होता. सोंगट्या उचलायला वेळ नव्हता. मन्सूरनं हाताला लागेल ते ओढलं. हाताला लागला दस्तरखान. जेवणाचं ते रंगीत कापड त्यानं अख्ख्या पटावर पसरलं आणि वर, कोणाला संशय येऊ नये म्हणून, तीन प्याले ठेवले. त्यातला एक लगेच कलंडला.

*

बेर्ता मिरोनोव्नानं अंगणात पाऊल टाकलं आणि तिला सगळं एका दृष्टीत दिसलं. कोमिल सरळ बसला होता, म्हणजे घाबरला होता. मन्सूर आला होता. हे नवल होतं, आणि हे नवल बघून तिला बरं वाटलं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. आणि दस्तरखानाला जागोजागी टेंगळं आली होती.

ती बसली. हात धुतले. मग कापडाकडे बोट करून म्हणाली, "मन्सूर, बाळा, माझा राजा गुदमरतोय तिथं."

कोमिलनं डोळे मिटले. मन्सूरला मात्र हसू आवरेना, आणि मग सगळेच हसले, ओयदिन सोडून. कापड निघालं. बेर्तानं पटावर नजरसुद्धा टाकली नाही. पट उचलून तिनं बाजूच्या उशीवर ठेवला, सोंगटी न सोंगटी जागेवर, आणि म्हणाली, "आधी जेवण. भुकेल्या पोटी मी आयुष्यात पुष्कळ बुद्धिबळ खेळले, त्यातलं एकही चांगलं नव्हतं."

पुलाव आला. खाली भात, त्यावर गाजर, वर मांस, थर न मोडता. बोबोंनी तंदुरातून ताज्या रोट्या आणल्या, मोडल्या आणि पहिला तुकडा नेहमीप्रमाणे बेर्तापुढे ठेवला. जेवताना डावाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मन्सूरनं नव्या वसाहतीतल्या लिफ्टची टवाळी केली. कोमिल म्हणाला, "मग परत ये ना राहायला." मन्सूर म्हणाला, "बायकोला विचारतो." तीन वर्षांत दोघं यापेक्षा जवळ आले नव्हते.

चहा ओतल्यावर बेर्तानं कोटाच्या खिशातून एक लखोटा काढला आणि ओयदिनपुढे ठेवला. लखोटा बंद होता. त्यावर पंचांची सही होती.

"मी सकाळी आठला क्लबात गेले," ती म्हणाली. "पंच दात घासत होते. त्यांना म्हटलं, मी डाव सोडला. कागदावर सही केली. मग विचारलं, हा लखोटा आता कोणाच्या कामाचा नाही, मी नेऊ का? ते म्हणाले, न्या. तेव्हा अभिनंदन, ओयदिन, विजेती तू."

मन्सूर उडालाच. "म्हणजे तुम्ही ते प्यादं पाहिलंत!"

"काल क्लबातच. पहाटे चारपर्यंत शोधत बसले. मला ते अडवता येत नाही. कोणालाच येणार नाही."

कोमिलच्या डोळ्यांत पाणी आलं. शारोफत हात पुसत दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आणि ओयदिन, जिच्याकडे आता सगळे बघत होते, ती बारीक आवाजात म्हणाली, "मी ते प्यादं लिहिलं नाही."

मन्सूरची नजर उशीवरच्या पटाकडे गेली.

"वजिरावजिरी लिहिली. काका, गाढव मीच."

"का?" कोमिलनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "तुला प्यादं दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मी सांगितलं होतं तिला," दारातून शारोफत म्हणाली. "माझी चूक आहे. बेर्ता एकदा ताश्कंदला जाऊ दे म्हणून..."

कोमिल उठून उभा राहिला. "मग हे बरोबर नाही. लखोट्यात बरोबरीची चाल आहे. बेर्ता-ओपा, विजेत्या तुम्ही आहात. मी पंचांकडे जातो, आत्ता जातो."

"आका, बसा," मन्सूरनं थोरल्या भावाची बाही धरली.

"बस, कोमिल," बेर्ता म्हणाली. "सोडलेला डाव परत घेता येत नाही. हे तुला मी नऊ वर्षं शिकवलं. आणि लखोट्यात काय आहे ते मला माहीत आहे."

ओयदिननं मान वर केली.

"लिहायच्या आधी तू पटाकडे पाहिलंस, आणि तुझा डोळा थेट त्या कडेच्या प्याद्यावर गेला. तेव्हाच माझा डाव संपला. मग तू माझ्या हाताकडे पाहिलंस आणि पेन उचललंस. मारायला निघालेला माणूस समोरच्याच्या हाताकडे बघत नाही गं. तुम्हाला मी लास्करची गोष्ट इतक्या वेळा सांगितली ती काय फुकट?"

"मग पाचपर्यंत थांबायचं होतं," ओयदिन म्हणाली. आता ती रडत होती. "लखोटा फुटला असता, बरोबरी झाली असती. मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं. एकदा तरी."

"लखोटा फुटला असता तर मला पुढची चाल बरोबर करावी लागली असती. मुद्दाम वाईट खेळायला मी शिकलेच नाही. मग मी विजेती झाले असते, तू दिलेली. म्हणून तो फुटायच्या आत गेले." तिनं प्याला खाली ठेवला. "तू दिलंस ते मला मिळालं, पोरी. काल रात्रीच मिळालं. घरी जाऊन मी त्याच्यावर इतकी रडले की शेजारीण विचारायला आली. तेवढं मला पुरे. डाव तुझा आहे, तो तू पाहिलास. तो तू घ्यायचा."

"असा कसा घेऊ? फुकटचा?"

बेर्तानं बोबोंच्या कमरेकडे हात केला.

"त्या बासरीला किती भोकं आहेत, कोणी मोजलीत? मी मोजलीत. बेचाळीसच्या जानेवारीत दोन होती. एर्गाश-आका रोज भट्टीवरून यायचे, त्यांच्या वाट्याची रोटी अर्धी मोडायचे आणि माझ्या दारात ठेवायचे. म्हणायचे, घे बेर्ता, उरली आहे. आम्ही सगळे जेवलोय. आणि दर महिन्याला टोच्यानं पट्ट्याला एक नवं भोक पाडायचे, मागच्या अंगणात, मला दिसू नये म्हणून. मधल्या खोलीला मागेही खिडकी आहे."

बोबो आपल्या प्याल्यात बघत होते. कान लाल झाले होते.

"मला माहीत होतं ती उरलेली नाही," बेर्ता म्हणाली. "पहिल्या दिवशी मला ती परत करायची होती. मान होता ना मला, खार्कोवची बाई मी. मग मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी ती परत केली तर या माणसाला पट्ट्याच्या भोकापेक्षा जास्त दुखेल. म्हणून मी खाल्ली. माहीत असून खाल्ली, रोज. ओयदिन, मी या घरात तुम्हाला बुद्धिबळ शिकवलं असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता. पण मी इथं त्याहून अवघड गोष्ट शिकले. घ्यायला शिकले. आता तू शीक."

मांडवावरून एक वाळलं पान पुलावाच्या ताटात पडलं. कोणी ते काढलं नाही. शारोफत येऊन बेर्ताच्या शेजारी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली. मन्सूर नाक पुसत उठला, आत गेला आणि हातोडी घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या भिंतीत, जुन्या रोटीपासून हातभर अंतरावर, त्यानं एक नवा खिळा ठोकला.

बोबोंनी परातीतली सगळ्यात चांगली रोटी निवडली आणि ओयदिनला दिली. तिनं तोंडावरचं पाणी पुसलं आणि ताश्कंदसाठी एक घास चावला. घास मोठा होता, खारटही झाला असेल. उरलेली रोटी तिनं बेर्ताच्या हातात ठेवली. बेर्तानं ती नव्या खिळ्याला टांगली. कोमिलनं लखोटा न फोडता पेटीत ठेवला, जर्दाळूच्या बीशेजारी.

सगळी परत मांडवाखाली येऊन बसली. चहा निवला होता, शारोफतनं दुसरा ओतला. बोबोंनी समोरची एक रोटी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी बेर्तापुढे धरली. आज घरात रोट्यांना तोटा नव्हता. परातीत बारा होत्या.

"घे, बेर्ता," ते म्हणाले. "उरली आहे."

तिनं ती घेतली.